पालखीच्या कड्यासाठी माझी चाचणी घ्या

साताऱ्यातल्या मंडळांचे अध्यक्ष, आखाड्यांचे वस्ताद आणि शिवजयंतीच्या पालखीभोवतीचं पट्टेकऱ्यांचं कडं निवडणारी सगळी मंडळी, यांना एका पट्टेकरणीचा मुजरा.

मी सातारची. नोकरी एसटीत वाहकाची. नवव्या वर्षी पट्टा, म्हणजे दांडपट्टा, हातात घेतला, त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. लाठी, फरी-गदगा (छोटी ढाल आणि काठी), तलवार-ढाल, विटा (दोरी बांधलेला भाला) हे सगळं शिकले, पण हात बसला तो पट्ट्यावर. सुट्टीच्या दिवशी पहाटे अजिंक्यताऱ्यावर मंगळाईच्या बाजूला सराव करते आणि आठवड्यातून चार संध्याकाळी पेठेतल्या मुलींना शिकवते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला मिरवणुकीत पाहिलं आहे. काहींच्या मुली माझ्याकडेच शिकतात. म्हणून हे पत्र मी कुण्या परक्याला लिहीत नाही. जे बोलायचं ते मैदानावर बोलून झालं होतं, ते कुणी मनावर घेतलं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

गेल्या गणेशोत्सवात एका मंडळानं जिवंत देखावा केला होता, सातारच्या गादीवरचा. काळ १७५० चा. शाहू महाराज आदल्या वर्षी डिसेंबरात गेले होते, गादीवर रामराजा बसवलेला, कारभार नानासाहेब पेशव्यांच्या हातात, आणि पंचाहत्तरीच्या ताराबाई अजून हार मानायला तयार नव्हत्या. देखावा लिहिणाऱ्या पोरानं त्यात एक पात्र स्वतःच्या मनानं घातलं. गावाकडून आलेली एक पट्टेकरीण, तिला हुजुरातीत, राजाच्या खाशा पथकात जागा हवी असते. सरदार तिला हसतात. वाड्यात कोण कुणाचं हे कुणालाच कळत नसतं, रोज एक निष्ठा विकली जात असते. शेवटी ताराबाई तिला पट्टा चालवायला लावतात, बघतात, आणि म्हणतात, "हिला खाशांत घ्या. हिचा हात विकाऊ दिसत नाही."

ती पट्टेकरीण मी केली. दहा रात्री, रोज पंधरा-वीस वेळा. प्रत्येक वेळी ताराबाईंचं ते वाक्य आलं की रस्त्यावरचे लोक टाळ्या वाजवायचे. मांडवाच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्या आज्या डोळे पुसायच्या. एकीनं तर खाली उतरल्यावर माझा हात हातात घेऊन तळव्यावरचे घट्टे दाबून पाहिले आणि काही न बोलता गेली. ते मी विसरणार नाही.

मग फेब्रुवारी आला. शिवजयंतीच्या पालखीभोवती पट्टेकऱ्यांचं कडं असतं, बारा जणांचं. बाहेर दोरी धरलेली पोरं, आत हे बारा. त्यासाठी शाळेच्या मैदानावर रात्री चाचणी होती. मी गेले. रांगेत उभी राहिले. नाव लिहून घेणाऱ्यानं वर न बघता विचारलं, "महिला पथक का?" मी म्हटलं, "नाही, कडं." त्यावर तिथली चार-पाच माणसं जवळ आली. वाईट कुणी बोललं नाही. उलट फार गोड बोलले. "ताई, तुमचं पथक पुढं असतं, लोक तुम्हालाच बघायला येतात, फोटो चांगले येतात." मी म्हटलं, फोटो राहू द्या, पट्ट्यानं कापायला तळहातावर लिंबू लावा. लिंबू कुणी लावलं नाही. माझी चाचणी झालीच नाही. पोलीस परवानगीसाठी जी यादी गेली, तिच्यात माझं नाव "महिला पथक, पुढील बाजू" म्हणून घातलं होतं.

देखाव्यातल्या बाईला जी जागा तुम्ही टाळ्या वाजवून दिलीत, ती खऱ्या बाईला चाचणीपुरतीसुद्धा दिली नाहीत. मला हे लागलं. सहा महिने झाले तरी लागतंच आहे.

तेव्हा जी कारणं सांगितली गेली त्यांना उत्तर द्यायचं राहिलं होतं.

पहिलं कारण, इतिहासाचं. "ताई, महाराजांच्या अंगरक्षकांत बाई नव्हती." खरं आहे. प्रतापगडाखाली १० नोव्हेंबर १६५९ ला अफजलखानाच्या भेटीच्या वेळी महाराजांबरोबर जे दहा जण होते, त्यांत बाई नव्हती, आणि असती तर बरं असं म्हणून मी इतिहासात नाव घुसडणार नाही. ज्या गोष्टीवर आपण पोरांना वाढवतो तिच्यात खोटं मिसळलं की सगळीच गोष्ट नासते. पण ते दहा जण कोण होते ते तरी नीट बघा. आपल्याच जिल्ह्यातला, वाईजवळच्या कोंडवलीचा जिवा महाला होता, न्हावी समाजातला. सिद्दी इब्राहीम होता. येसाजी कंक होते, संभाजी कावजी होते. समोर खान, सोबत त्याचे दहा, आणि जिवावरची भेट. अशा वेळी महाराजांनी माणूस निवडताना त्याचं घराणं बघितलं नाही, धर्म बघितला नाही. हात बघितला आणि इमान बघितलं. सय्यद बंडानं पट्टा उचलला तेव्हा जिवानं त्याचा हात वरच्यावर तोडला. "होता जिवा म्हणून वाचला शिवा" हे आपण साडेतीनशे वर्षं म्हणतो आहोत. त्या निवडीत जो नियम होता तोच मी मागते आहे. जात-धर्म बाजूला ठेवून माणूस निवडायची रीत ज्यांनी घालून दिली, त्यांच्याच पालखीचं कडं निवडताना आपण अर्ध्या गावाला रांगेतूनच बाहेर काढतो, हे मला पटत नाही.

आणि बाईनं पहारा दिला नाही असं तर साताऱ्यात कुणी म्हणूच नये. माझी ड्यूटी बामणोलीच्या गाडीवर असते तेव्हा शिवसागराच्या काठावर गाडी थांबते. समोर पाण्यापलीकडे जंगलात वासोटा. ट्रेकला जाणारी पुण्या-मुंबईची पोरं तिथून बोटीनं जातात. त्यांना मी एकच विचारते, वासोटा कुणी लढवला माहीत आहे का. क्वचित एखाद्याला माहीत असतं. ताई तेलीण. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात परशुरामपंत प्रतिनिधी मसूरला कैदेत होते. तेव्हा या बाईनं माणसं जमवली, वासोटा घेतला आणि पंतांना सोडवलं. पंतांनी आपण साताऱ्याच्या छत्रपतींचे सेवक आहोत असं म्हणून पेशव्यांविरुद्ध उठाव केला. वसंतगडाजवळ पेशव्यांचे सरदार बापू गोखल्यांशी लढाई झाली, पंत जखमी होऊन सापडले.

तिथं सगळं संपायला हवं होतं. ज्याच्यासाठी लढायचं तोच पकडला गेला, पुण्याचं सैन्य दाराशी, फितुरीला मोकळं रान. ताई तेलीण खाली उतरली नाही. तिनं किल्ला आठ महिने धरून ठेवला. शेवटी किल्ल्यावरचं धान्य आगीत गेलं तेव्हा वासोटा पडला. "तेलीण मारी सोटा, बापू गोखल्या सांभाळ कासोटा" ही ओळ लोकांनी तेव्हा रचली, ती आजही आपल्या तोंडात आहे. मला ती ओळ म्हणताना दर वेळी वाटतं की आपण कासोट्यावर हसतो आणि बाई विसरतो. १८०६ च्या आसपासची ही गोष्ट. तिच्या हातात सोटा होता की तलवार, यावर वाद घालणारे घालोत. धनी कैदेत गेल्यावरही जागा न सोडणं, यालाच पहारा म्हणतात.

मला ताराबाईंबद्दलही लिहायचं आहे, कारण देखाव्यात त्यांच्या तोंडी ते वाक्य होतं. तळबीडच्या हंबीरराव मोहित्यांची लेक. राजाराम महाराज १७०० मध्ये गेले, त्याच वर्षी अजिंक्यतारा मोगलांकडे गेला, आणि पुढची सात वर्षं या बाईनं औरंगजेबासारख्या बादशहाला दख्खनमध्ये अडकवून ठेवलं. तो इथंच मेला. पण आपण देखाव्यांत त्यांना बहुतेक वेळा कारस्थानी म्हातारी करतो, १७५० मधली. रामराजाला आपला नातू म्हणून पुढं आणलं तेही त्यांनीच, आणि तो ऐकेना तेव्हा नोव्हेंबरात त्याला अजिंक्यताऱ्यावर कैद केलं तेही त्यांनीच. मला त्यांचं सगळंच बरोबर वाटतं असं नाही. पण त्या दिवशीच्या गोष्टीत पहारेकऱ्यांसाठी एक धडा आहे, आणि तो मी माझ्या मुलींना शिकवते. राजा गडावर आला. दरवाजे लागले. मग राजाच्या कमरेला तलवार होती की नव्हती याला काही अर्थ उरला नाही, दरवाजावर माणसं कुणाची आहेत यालाच अर्थ होता. सातारच्या गादीवर जेवढे घाव बसले, त्यांतले बरेच असे घरातून बसले. १८३९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवलं, तेव्हाही भाऊच गादीवर बसला.

संगम माहुलीला ताराबाईंची समाधी आहे. गाडी तिकडून गेली की मी नमस्कार करते. तुम्हीही कधी थांबून बघा, तिची काय अवस्था आहे ते. मिरवणुकीचा थोडा खर्च तिकडे वळवता आला तर फार बरं होईल. हा वेगळा विषय आहे, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आता दुसरं कारण, धक्काबुक्कीचं. "राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत गर्दी असते, रात्र असते, कुणाचा धक्का लागला तर जबाबदारी कुणाची?" हे सांगणाऱ्या दादांनी काळजीनं सांगितलं, मला माहीत आहे. पण दादा, मी एसटीत आहे. मांढरदेवच्या यात्रेच्या जादा गाडीवर उभ्या माणसांतून वाट काढत मी तिकिटं फाडते. माझा दिवसच धक्क्यांत जातो. आणि मुद्दा त्याच्याही पुढचा आहे. कडं असतं कशासाठी? पालखीला लागणारा धक्का आपल्या अंगावर घेण्यासाठी. ज्याला धक्का लागू नये अशी आपली इच्छा आहे तो कड्याच्या आत बसतो. मला आत बसायचं नाही.

खरं सांगायचं तर कड्याचं काम काय, हेच आपण हळूहळू विसरत चाललो आहोत. आजच्या मिरवणुकीत सगळ्यांची नजर फिरणाऱ्या पात्यावर असते. हलगी कडाडली, घुमकं घुमलं, की कड्यातला पोरगाही पट्टा फिरवायला लागतो. त्याचं वय असतं, रक्त असतं, समोर मोबाइल असतात. दोन वर्षांपूर्वी एका मिरवणुकीत अशाच एका पोराचा पट्टा शेजारच्याच्या भुवईला लागला. चार टाके पडले, डोळा थोडक्यात वाचला. पट्टा म्हणजे तलवार नव्हे. कोपराखालचा हात खोबळ्यात जातो, मूठ आत असते, मनगट बंद होतं. जे काही फिरायचं ते खांद्यातून आणि कमरेतून. तलवार हातातून टाकून देता येते, पट्टा टाकता येत नाही. पातं लवचीक, लांब, आणि अंगाचा भाग झालेलं. गर्दीत ते फिरवायला जेवढी कला लागते त्याच्या दुप्पट ते न फिरवायला लागते.

माझ्या वस्तादांनी मला हे ज्या पद्धतीनं शिकवलं ते सांगते. ते आता नाहीत. पवित्र्यात उभं करायचे, पट्ट्याचं टोक जमिनीपासून चार बोटं वर, डाव्या तळव्यावर नारळ. मग आखाड्यातल्या पोरांना सांगायचे, हिला पाठीमागून येऊन धडका. एकजण यायचा, मग दोघं, मग चौघं. हलगी चालूच. नारळ पडला किंवा पात्याचं टोक चार बोटांच्या वर गेलं की पहिल्यापासून. मी अकरा वर्षांची असताना एका रात्री हे सतरा वेळा पहिल्यापासून झालं. रडले. ते म्हणाले, "रड, पण टोक हलवू नको." हात बसल्यावर त्यांनी दुसरं शिकवलं. गर्दीत माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही, हाताकडे बघायचं. तोंड हसतं, हात काय करणार ते खांदा आधी सांगतो. सत्तावीस वर्षांत मी फिरवायला जेवढं शिकले त्याहून जास्त उभं राहायला शिकले. आणि मला पाठवलं जातं पुढं, जिथं फक्त फिरवायचं असतं.

महिला पथक मला कमी वाटतं असं कुणी समजू नये. ते पथक मीच उभं केलं. नऊवारी, फेटा आणि हातात लाठी घेऊन शाळकरी मुली राजपथावरून जातात तेव्हा दुतर्फा उभ्या असलेल्या बायकांचे चेहरे मी बघते. ते पथक राहिलंच पाहिजे. पण ते पहिली पायरी म्हणून. पोरगी दहाव्या वर्षी त्यात येते आणि विसाव्या वर्षीही तिथंच असते, कारण पुढं पायरीच नाही. तिच्याबरोबर शिकलेला पोरगा मात्र सतराव्या वर्षी कड्यात जातो, पंचविसाव्या वर्षी कड्याचा म्होरक्या होतो. मग लग्न झालं की पोरीचा पट्टा भिंतीवर टांगला जातो आणि आपण म्हणतो, बायकांत टिकाव नसतो. टिकायला पुढं काहीतरी लागतं ना.

गेल्या काही वर्षांत बाहेर किती बदललं बघा. २०२४ मध्ये सरकारनं दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर केला. त्याच वर्षी लंडनहून वाघनखं आपल्या साताऱ्याच्या संग्रहालयात आली. मी मुलींना घेऊन गेले होते, त्या काचेसमोरून हलायला तयार नव्हत्या. आपलं सैनिक स्कूल १९६१ पासून मुलांचं होतं, आता तिथं मुलीही आहेत. एनडीएमधून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, मुलींची पहिली तुकडी, सतरा जणी, २०२५ मध्ये बाहेर पडली. अपशिंग्यासारखं गाव ज्या जिल्ह्यात आहे, जिथल्या ४६ जणांनी पहिल्या महायुद्धात जीव दिला, त्या जिल्ह्याला पहारा आणि फौज म्हणजे काय हे बाहेरच्यानं शिकवायची गरज नाही. देशाच्या सीमेवर जी चालते ती पालखीच्या बाजूला का चालत नाही, असं माझ्या आखाड्यातल्या तेरा वर्षांच्या पोरीनं मला विचारलं. तिला सैनिक स्कूलला जायचं आहे. मी तिला उत्तर दिलं नाही. ते उत्तर तुमच्याकडून यायला हवं.

एक जण असंही म्हणाले की खेळाचं नावच मर्दानी आहे. असू दे. ते नाव मला आवडतं, ते बदलावं असं मला अजिबात वाटत नाही. माझ्या मुली अभिमानानं सांगतात की आम्ही मर्दानी खेळ खेळतो.

मी राखीव जागा मागत नाही. बारांतल्या दोन बायकांसाठी ठेवा, असं कुणी सुचवलं तर मी आधीच नको म्हणते. तशी जागा मिळाली तर आयुष्यभर लोक म्हणतील की बाई म्हणून घेतली, आणि मलाही रात्री झोपताना तेच वाटेल. चाचणी सगळ्यांसाठी उघडी ठेवा, एवढंच. आणि चाचणी कड्याची ठेवा. नुसती लिंबं कापून कडं निवडू नका. लिंबू कापणारे साताऱ्यात पन्नास निघतील. टोक खाली ठेवून तासभर उभं करा, मागून धडका मारायला लावा, मग फरी-गदग्याची एक-एक झटापट लावा, समोर कुणीही असो. वस्तादांनी एका ओळीत बसून बघावं. नावं पुकारू नका, पाहिजे तर फेट्याच्या शेमल्यानं तोंडं झाकून उभे करा आम्हाला. जे बारा टिकतील ते कड्यात. मी त्यांत बसले नाही तर पुढच्या वर्षीपर्यंत सराव करीन, आणि त्या बारांना पालखी निघताना मीच नारळ देईन. हे मी मनापासून लिहिते आहे. हरण्याची मला लाज नाही, रांगेत उभंच न करण्याचं दुःख आहे.

वस्तादांना एक वेगळी विनंती आहे. अध्यक्ष बदलतात, मंडळं फुटतात, एका पेठेची दोन मंडळं होतात, पालखी कुणाची यावर भांडणं होतात, हे आपण दर वर्षी बघतो. कड्यात कोण उभं राहणार हेही मग गटावर ठरायला लागतं. या वर्षी अमक्याची पोरं, पुढच्या वर्षी तमक्याची. सातारच्या गादीची गोष्ट सांगताना आपण फितुरीला शिव्या देतो आणि मैदानावर उतरलो की हाताऐवजी गट बघतो. वस्ताद, तुम्ही यात गप्प राहू नका. तुमच्या शब्दापुढे अजून कुणी जात नाही. पट्ट्याला हात लावण्याआधी आम्ही तुमच्या पाया पडतो ते काही नुसती रीत म्हणून नाही. निवड तुमच्या हातात घ्या. तुमच्यापैकी कुणी माझा हात बघून "अजून कच्चा आहे" म्हणालात तर मी मान खाली घालून घरी जाईन. न बघता म्हणू नका.

खंडेनवमीला मी माझा पट्टा पुजते. वस्तादांचा आहे तो, जाताना त्यांनी माझ्या ओंजळीत ठेवला होता. खोबळ्याच्या आतलं जुनं कातडं दोनदा बदललं, पातं तेच आहे. या वर्षी पूजा करून दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला संध्याकाळी, मी त्याच शाळेच्या मैदानावर येते आहे. सोनं द्यायला तुम्ही सगळे तिथं असताच. तेव्हा फेब्रुवारीच्या चाचणीची तारीख सांगा, आणि ती कुणासाठी आहे तेही सगळ्यांसमोर सांगा.

लिंबांची काळजी करू नका, ती मी घेऊन येते. तळहातावर धरायला हात मात्र तुमच्यातल्याच कुणाचा तरी हवा. ज्यांना माझ्या हाताचा भरवसा नाही त्यांनीच पुढं यावं, अशी विनंती आहे.

आपली,
सातारची एक पट्टेकरीण